बिनातिकिटाचे पत्र

टपालाने पत्र धाडावयाचे, तर तिकीट लावावे लागते. परंतु फेसबुकवरून छायाचित्र धाडणाऱ्याकडून कोणी एक पैसाही मागत नाही. मग हा खर्च सोसतो कोण?

ते छायाचित्र हवेत तरंगत राहत नाही. संगणकांच्या प्रचंड कोठारांत ते साठविले जाते. असे एक कोठार स्वीडन देशाच्या उत्तर भागात, लुलेओ नगरात, २०१३ साली सुरू झाले. तेथील हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. त्यांना लागणारी वीज नदीच्या पाण्यापासून निर्माण होते. अखंड चालल्याने संगणक तापतात. म्हणून बाहेरची गार हवा आत घेऊन त्यांना थंड राखतात.

फेसबुक चालविणाऱ्या मेटा कंपनीने अशी कोठारे व यंत्रसामग्री यांवर २०२३ या एका वर्षात सुमारे २८ अब्ज डॉलर खर्चिले. तिला मिळणारा बहुतेक पैसा जाहिरातदार देतात. जाहिराती पुष्कळांच्या नजरेस पडाव्यात, म्हणून प्रत्येकाने तेथे अधिकाधिक वेळ रमावे, अशी योजना केलेली असते.

तेव्हा या पत्राला तिकीट नसले, तरी मोल आहेच. ते पैशाच्या नव्हे, वेळेच्या रूपाने चुकवावे लागते. गेलेला पैसा पुन्हा मिळविता येतो. गेलेला वेळ मात्र परत येत नाही.