गायिकेच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहू नका

प्रश्न : आमच्या संगीत मंडळाच्या संग्रहात बहुतेक ध्वनिफिती शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या आहेत. इतर समाजांचे संगीत त्यात कसे आणावे?
– एक वाचक, वाशी

उत्तर : सुरुवात वाशीगाव, जुहूगावापासूनच करा. १९७० साली नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून इथे आगरी-कोळी राहतात. त्यांच्या लग्नात धवलारीण धवले म्हणजे लग्नगीते गाते. विधीगणिक धवला वेगळा, आणि सगळे तोंडपाठ. एके काळी लग्न लावायचीही तीच. तिचा आवाज तुमच्या कपाटात नसणे ही मला मोठी उणीव वाटते.

पण ध्वनिमुद्रणाआधी नोंदवही बदला. राग, ताल, घराणे हे रकाने धवल्यापुढे रिकामे राहतात आणि गायिकेच्या जागी कुणीतरी ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होते. बाईचे नाव पुसले जाते ते तिथेच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांत गाणारीचे नाव, गाव नोंदवले गेले, म्हणून बाबासाहेब आंबेडकरांवर ओव्या गाणाऱ्या दलित बायका आज नावानिशी भेटतात.

बाबासाहेबांवरची भीमगीतेही घ्या; त्यांत कवी आणि गायक असे दोन रकाने ठेवा. कवी वामनदादा कर्डकांची गाणी किती जणांनी गायली!

आणि धवलारिणीला आधी विचारा : हे कुणी ऐकलेले चालेल? काही गाणी मांडवापुरतीच ठेवा म्हणाली, तर तसेच नोंदवा. ध्वनिमुद्रणाची प्रत त्याच दिवशी तिच्या मोबाइलवर द्या.