साखर उतरली, पण फक्त मोबाइलमध्ये

धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याहून सुरतेची गाडी सरळ आहे, त्यामुळे इथल्या बऱ्याच घरांतलं एखादं तरी पोरगं सुरतेला असतं. लांब राहणाऱ्या पोराला आईबापाच्या तब्येतीची काळजी लागते आणि त्या काळजीचा सुगावा जाहिरातवाल्यांना फार लवकर लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मुलाला असंच एक पॅकेज सापडलं. 'मधुमेह उलटवा' असं त्याचं नाव. दंडावर चिकटवायचा सेन्सर, मोबाइलवर चोवीस तास आलेख आणि दिमतीला एक 'हेल्थ कोच'. पैसे त्याने परस्पर भरले आणि फोनवर सांगितलं, "नाना, आते बोट टोचानी गरजच नही." नानांना, म्हणजे प्रस्तुत लेखकाला, हे वाक्य तेव्हाच खटकलं होतं. ही नोंद इथे मुद्दाम केली आहे, कारण पुढे घरातल्या प्रत्येकालाच ते आधीपासून खटकत होतं असं निघालं.

खोकं आलं मे महिन्यात, भर दुपारी, कुरिअरवाल्याच्या पाठीवरच्या काळ्या पिशवीतून. खोक्यावर थर्मामीटरचं छोटं चित्र होतं आणि त्याच्या वरच्या टोकाला 30 अंश. धुळे जिल्ह्यात मे महिन्यात 30 अंश मिळालेच तर पहाटे मिळतात. हे कोचला विचारलं तर उत्तर आलं, "सर, आमचं पॅकिंग इंटरनॅशनल आहे."

हा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, हे त्या पॅकेजच्या चकचकीत पुस्तिकेत कुठेही ठळक छापलेलं नव्हतं. त्याचा बारीक तंतू कातडीखाली जातो आणि पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजतो. रक्तातला बदल त्या द्रवात उतरायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. जेवल्यानंतर साखर भराभर चढत असते किंवा चालून आल्यावर उतरत असते, तेव्हा सेन्सर मागे पडतो. यात उपकरणाचा दोष नाही, ते तसंच चालतं. पण 'रक्तशर्करा थेट मोबाइलवर' अशी जाहिरात करणाऱ्याने एवढं तरी सांगायला हवं.

मग ती रात्र आली. मध्यरात्रीनंतर मोबाइल बोंबलायला लागला. पडद्यावर लाल रंगात 54. आलेख मुलाच्या फोनलाही जोडलेला, त्यामुळे सुरतेहून लगोलग फोन: "नाना, आधी साखर खाई ल्या!" लेखक उठून बसलेला, डोकं शुद्ध, घाम नाही, धडधड नाही. लेखकाच्या पत्नीने फोन काढून घेतला. "यास्ले काही व्हयेल नही. हात थरथरत नही, घाम नही. साखर कसाले खावाले लावस?" तिने कपाटातून जुना ग्लुकोमीटर काढला, लेखकाला हात धुवायला लावले, बोट टोचलं. 118. सेन्सर अजून 54 वरच. मुलगा तिकडून सांगत होता की गाडी करा आणि धुळ्याला निघा. गाडी कुणी केली नाही. थोड्या वेळाने सेन्सर आपोआप 80 वर आला, मग शंभरी ओलांडली. साखरेचा दाणाही पोटात गेलेला नव्हता.

सकाळी कोचचा फोन आला. आवाज गोड, वाक्यं पाठ केलेली. "सर, ॲपमध्ये लो दिसतंय म्हणजे लो आहे. रात्री लो जातंय म्हणजे गोळी स्ट्राँग होतेय. आजपासून अर्धी घ्या." ग्लुकोमीटरचा आकडा सांगितला तर ती म्हणाली, "सर, ते जुनं टेक्नॉलॉजी आहे." लेखकाने विचारलं, "ताई, तुम्ही डॉक्टर आहात का?" "नाही सर, मी सर्टिफाइड कोच आहे." "मग गोळी अर्धी करा असं ज्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांचा नोंदणी क्रमांक द्या." "सर, टीमला विचारून सांगते." टीम अजून विचारच करते आहे. गोळी अर्धी झाली नाही.

हा प्रश्न विचारायचा हक्क रुग्णाला आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. 25 मार्च 2020 रोजी, टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्राने दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. फोनवर किंवा ॲपवर औषध सांगण्याचा अधिकार त्यांनी फक्त नोंदणीकृत डॉक्टरला दिला आहे. त्याने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर, पावतीवर आणि संदेशांतही दाखवायचा असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ॲपने परस्पर सल्ला द्यायचा नाही आणि औषध तर लिहायचंच नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. कोच ही पदवी त्या सूचनांत कुठे सापडत नाही. ॲपच्या पलीकडून कुणी गोळीचं नाव काढलं की नोंदणी क्रमांक मागावा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासावा. क्रमांक मागितल्यावर समोरच्याचा सूर कसा बदलतो, ते ऐकण्यासारखं असतं.

उलगडा झाला धुळ्यात, लेखकाच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. त्यांनी मोबाइल हातात घेतला, आलेख दोन बोटांनी मोठा केला आणि औषधाचा विषय न काढता विचारलं, "झोपता कोणत्या कुशीवर?"

"डाव्या."

"आणि हे चिकटवलंय कुठे?"

डाव्या दंडावर. खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. पत्नीने लेखकाकडे बघितलं, मग त्या पांढऱ्या चकतीकडे. डॉक्टरांनी आधीच्या रात्रींचे आलेख उघडले, तर तिथेही तशाच उभ्या कड्यावरून पडल्यासारख्या रेषा आणि तितक्याच उभ्या चढणाऱ्या. अंगाचा भार दंडावर आला की तिथला रक्तप्रवाह दबतो, कातडीखालच्या द्रवात नवी साखर पोचत नाही, सेन्सर तिथे जे उरलंय ते मोजतो आणि 'कमी झाली' म्हणून गळा काढतो. कूस बदलली की सगळं जागेवर. मधुमेहतज्ज्ञांना हा प्रकार चांगला माहीत आहे. ज्या कंपनीने सेन्सर विकला, आलेख पाहिला आणि त्यावरून गोळी अर्धी करायला सांगितली, तिच्या कुणालाही कुशीचा प्रश्न सुचला नाही. आलेख बघायला मशीन होतं, बोलायला कोच होती, या दोघांच्या मधली खुर्ची रिकामी होती. लेखकाचा राग आहे तो त्या खुर्चीवर.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावली. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने रात्री साखर खरोखरच उतरू शकते, म्हणून अलार्म बंद करून झोपायचं नाही. आधी कूस बदलायची, हात धुवायचे, बोट टोचायचं. 70 च्या खाली आलं तर सुमारे 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचून बघायचं. घाम, थरथर, बरळणं अशी लक्षणं दिसत असतील आणि मीटर हाताशी नसेल, तर आकड्याची वाट न बघता साखर द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा.

सेन्सर खोटा आकडा दाखवतो तेव्हा काय होऊ शकतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये एका बड्या कंपनीने तिथल्या सुमारे 30 लाख सेन्सरांबद्दल इशारा दिला. त्यातले काही बराच काळ चुकीची कमी साखर दाखवत होते. जगभरातल्या 736 गंभीर घटना आणि 7 मृत्यू यांच्याशी या दोषाचा संबंध असू शकतो, असं कंपनीनेच जाहीर केलं. कमी आकडा पाहून माणूस गोड खात राहतो किंवा इन्सुलिन चुकवतो, हा त्यातला धोका. नरडाण्याच्या घरात आला तो सेन्सर या कंपनीचा नव्हता, हेही सांगायला हवं. पण सुरतेहून 'साखर खाई ल्या' म्हणणाऱ्या मुलाला ही बातमी वाचून दाखवली, तेव्हा पहिल्यांदा तो गप्प बसला.

न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांचं तर नावच काढू नये. 21 फेब्रुवारी 2024 रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं की कातडीला छेद न देता स्वतःच रक्तशर्करा मोजणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. तरी आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांत ती घड्याळं दिसतातच.

बाकी सल्ले ज्याला हवेत त्याने घ्यावेत. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, झाकण घट्ट लावा, मुदत बघा. आंबा चिरून तशाच हाताने बोट टोचलं तर आंब्याची साखर मोजली जाते. सॅनिटायझर पुरेसा नाही, पाणी आणि साबण लागतो. चांगल्या मीटरलाही शंभरच्या पुढे 15 टक्क्यांपर्यंतचा फरक प्रमाणानुसार माफ असतो, म्हणून 140 आणि 150 यांवरून घरात भांडू नये. काही सेन्सरांच्या पत्रकात क जीवनसत्त्वाच्या जास्त मात्रेने आकडा खोटा चढतो असं बारीक अक्षरात असतं, ते पत्रक वाचा. चालत जा, वेळेवर जेवा, हे सगळेच सांगतात.

खान्देशासाठी मात्र एक गोष्ट वेगळी आणि महत्त्वाची आहे. 'तीन महिन्यांची साखर' म्हणून जी एचबीएवनसी तपासणी करतात, ती लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. शिरपूर, साक्री, अक्कलकुवा, धडगाव या भागांतल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. त्या आजारात लाल पेशी लवकर मोडतात आणि एचबीएवनसी खोटी कमी येते. लोहाची कमतरता असेल तर उलट खोटी जास्त येऊ शकते. शहरात बसून लिहिलेल्या ॲपला हे कुठून कळणार? ते '5.8, अभिनंदन' म्हणून फुगे उडवून मोकळं होतं. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत गावोगाव तपासणी होते, ती करून घ्यावी आणि तिचा निकाल मधुमेहाच्या डॉक्टरला आवर्जून दाखवावा.

हे वाचून लेखक यंत्रांच्या विरोधात आहे असं कुणाला वाटलं, तर ते चूक. 7 डिसेंबर 2024 पासून क्षयरोगाची शंभर दिवसांची मोहीम झाली, तीत हातात धरायची एक्स-रे यंत्रं वापरली गेली आणि फोटो वाचायला संगणकाची मदत घेतली गेली. असं सॉफ्टवेअर बनवणारी क्युअर.एआय ही कंपनी आपल्या मुंबईतली. पण संगणकाला छातीत संशयास्पद काही दिसलं म्हणून त्याच्या एकट्याच्या शब्दावर क्षयरोग ठरत नाही. बेडका घेतला जातो, गोव्यात बनलेल्या ट्रूनॅटसारख्या यंत्रावर तपासला जातो आणि मग रुग्णाची नोंद निक्षय पोर्टलवर होते. ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यक सेवेतही उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाशेजारी बसतो आणि पलीकडे डॉक्टर असतो. तिथे मधली खुर्ची भरलेली असते.

यंत्र प्रयोगशाळेत चाललं म्हणून दवाखान्यात चालेलच असं नाही, हे गुगललाही थायलंडमध्ये शिकावं लागलं. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर झालेला परिणाम ओळखणारं त्यांचं तंत्र प्रयोगशाळेत उत्तम होतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की तिथल्या दवाखान्यांत काढलेल्या 1838 फोटोंपैकी 21 टक्के त्या यंत्राने नाकारले; एक कारण म्हणजे खोलीत पुरेसा अंधार नव्हता. शिवाय नेट मंद, त्यामुळे रांगा. ज्यांच्या आवारात पाच मिनिटं सलग नेट टिकत नाही, त्यांना यात नवल वाटणार नाही.

पॅकेज घेताना त्या ॲपने 'आभा' हा आरोग्याच्या नोंदींचा क्रमांकही मागितला होता. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातलं पहिलं आधार शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, त्यामुळे क्रमांक द्यायची सवय खान्देशाला जुनी. आभा देणं ऐच्छिक आहे आणि नोंदी बघायची दिलेली परवानगी आभा ॲपमधून मागेही घेता येते. पॅकेज सोडलं त्याच दिवशी हे काम करून टाकावं.

पैसे परत मागितले तर 'प्लॅन ॲक्टिव्हेट झाला आहे' असं उत्तर येतं. त्यावर वाद घालत बसू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते, म्हणजे नरडाण्याच्या माणसाला धुळ्याचा जिल्हा आयोग पुरे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी राष्ट्रीय हेल्पलाइन 1915 वर नोंद करावी. उपकरणानेच चुकीचा आकडा दाखवला असेल, तर गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे 1800-180-3024 वर कळवावं. 2015 मध्ये सुरू झालेला, उपकरणांच्या तक्रारींसाठीचा मटेरियोव्हिजिलन्स कार्यक्रम हाच आयोग चालवतो. तक्रारीत लॉट क्रमांक लागतो आणि तो खोक्यावर असतो, म्हणून खोकं रद्दीत घालू नये. लेखकाने सगळं जपून ठेवलं होतं: खोकं, आलेखाचे फोटो, गोळी अर्धी करायला सांगणारा कोचचा संदेश. 1915 वर नोंद झाल्यावर कंपनीकडून संदेश आला. पुढच्या पॅकेजवर वीस टक्के सवलत, फक्त आजच्या दिवसापुरती.