भिंतीवरची चित्रं : कला की विद्रूपीकरण?



बाकावर करकटकाने नाव कोरलं म्हणून मी एकदा एका मुलाला रागावलो. तो म्हणाला, "सर, परदेशात भिंती रंगवणाऱ्यांना कलाकार म्हणतात. मग मलाच का ओरडता?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्यातूनच हा पाठ तयार झाला. आठवी-नववीला तो सहज घेता येईल.

सार्वजनिक भिंतीवर रंगवलेली किंवा कोरलेली अक्षरं, चित्रं म्हणजे ग्राफिटी. मुलांना दोन उदाहरणं सांगा.

उदाहरण १ : २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी फिरताना अजिंठ्याला पोचला. लेणी क्रमांक १० मधल्या प्राचीन चित्रावर त्याने स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. नाव राहिलं, पण तेवढं चित्र कायमचं गेलं. आज संरक्षित स्मारकाची अशी नासधूस केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

उदाहरण २ : न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 'फाइव्ह पॉइंट्झ' नावाच्या जुन्या कारखान्याच्या इमारती होत्या. मालकाच्या परवानगीने कलाकार तिथे चित्रं काढत. लांबून लोक बघायला येत. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने एका रात्रीत चित्रांवर पांढरा रंग फासला. पुढे इमारतीही पाडल्या. कलाकार कोर्टात गेले. २०१८ मध्ये कोर्टाने २१ कलाकारांना ६७ लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली.

आता मुलांना विचारा, इथे विद्रूपीकरण कोणी केलं? भिंत तर मालकाचीच होती! वर्गात दोन गट पडतात. पडू द्या. घाईने निकाल देऊ नका.

चर्चा भरकटली की फळ्यावर तीन प्रश्न लिहा :
१. भिंत कोणाची आहे?
२. परवानगी घेतली का?
३. आपण जे करतोय त्याखाली काय झाकलं किंवा पुसलं जातंय?

"चित्र छान आहे का?" हा प्रश्न यात मुद्दाम ठेवलेला नाही. दुसऱ्याच्या घरावर न विचारता काढलेलं चित्र सुंदर असू शकतं, तरी घरमालकाची तक्रार खोटी ठरत नाही. सुंदर असणं वेगळं आणि योग्य असणं वेगळं. मुलांपर्यंत एवढं पोचलं तरी पाठ सफल झाला.

उपक्रम : मुख्याध्यापकांना विचारून आवारातली एक भिंत मुलांना द्या. रंगवण्याआधी वर्षअखेरीस ती पुन्हा पांढरी करायची का, हे मुलांनाच ठरवू द्या. दुसऱ्याचं काम पुसताना हात का थांबतो, ते त्यांना आपोआप कळेल.

पालकहो, गडावर सहलीला गेलात की तिथल्या भिंतींवरची नावं मुलांना दाखवा आणि तिसरा प्रश्न विचारा.

त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, "बाक तुझा एकट्याचा नाही रे. पुढच्या वर्षी त्यावर दुसरं कोणी बसणार आहे." त्याने मान हलवली. मग हळूच म्हणाला, "मग भिंत द्याल का, सर?"