काळं शेवाळ, बाटली आणि सकर

प्लँटेड टँकला शेवाळ धरलं की पहिला सल्ला येतो तो बाटलीचा. कामोठ्यातल्या आमच्या टँकमध्ये अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे, केसाळ झुबके आले, तेव्हा दुकानदाराने शेवाळनाशक हातात ठेवलं. शेवाळ जागच्या जागी राहिलं, चेरी श्रिम्प मात्र एकामागून एक मेल्या. अशा अनेक औषधांत तांबं असतं आणि ते श्रिम्प, गोगलगायींना विषच. बाटलीवर ते बारीक अक्षरांत छापलेलंही होतं.

हे काळं शेवाळ मुळात लाल शेवाळांच्या कुळातलं. तुकडा स्पिरिटमध्ये टाकला की लालसर होतो. ओळख पटवायला एवढं पुरे. जास्तीचा उजेड, तळाची घाण आणि सतत कमीजास्त होणारा कार्बन डायऑक्साइड यांवर ते माजतं. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला. उन्हाळ्यात टँकचं पाणी 30 अंशांच्या वर जायचं, आणि कोमट पाण्यात हा वायू कमी विरघळतो. त्यात लाइट रात्री जेवणं होईपर्यंत चालू. पाहुण्यांना टँक दाखवायची हौस दुसरं काय!

गुण आला तो टायमरने. लाइट दिवसाला सहा तास, खिडकीला जाड पडदा, दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायचं आणि खाणं निम्म्यावर. झुबके धरलेली पानं सरळ कापून टाकली. लाकडावरच्या शेवाळासाठी फिल्टर थोडा वेळ बंद ठेवून, केमिस्टकडे मिळणारं 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थेट त्यावर सोडलं. 10 लिटर पाण्याला 3 मिलीच्या पुढे जाऊ नका. शेवाळ गुलाबी पडलं की मेलं समजा. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकतात त्यात बहुधा ग्लुटाराल्डिहाइड असतं, म्हणजे हॉस्पिटलात दुर्बिणी निर्जंतुक करतात तेच रसायन. त्याने व्हॅलिसनेरिया वितळून जाते, तेव्हा जपून. त्यापेक्षा हायड्रिला भरपूर लावा. आपल्या तळ्यांतली ही वनस्पती झपाट्याने वाढते आणि शेवाळाच्या तोंडचं खत पळवते.

राहिला ‘टँक क्लीनर’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर. काळ्या शेवाळाला तो तोंडही लावत नाही. ते खाणारा मासा म्हणजे सायामीज अल्गी ईटर, आणि तोही 15 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, छोट्या टँकचा नव्हे. सकर तर फूटभराच्या पुढे जातो. मग तो टँकमध्ये मावेना झाला की लोक पिशवीत घालून तळ्यात नाहीतर गाढी नदीत सोडून येतात, वर पुण्य केल्याच्या थाटात. उजनीच्या जलाशयात हाच मासा मच्छीमारांच्या जाळ्यांत येऊ लागला आहे. काठ पोखरून तो बिळं करतो, तिथेच अंडी घालतो, आणि त्याच्या चिलखती अंगाने जाळी फाटतात. तुमच्याकडे असा सकर असेल तर दुकानात परत द्या, मोठा टँक असलेल्या कुणाला द्या, पण नदी-तळ्यात सोडू नका.