कॉम्प्युटरच्या रांगेतून जरा बाजूला व्हा

सीईटीचा निकाल लागला की एकच प्रश्न सुरू होतो, "सर, कॉम्प्युटरला नंबर लागेल ना? नाहीतर मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ." परवा एक वडील हेच विचारत होते. शेजारी मुलगी बसलेली. घरचा पाण्याचा पंप ती स्वतः खोलते, जोडते. "तुला काय आवडतं?" मी तिला विचारलं. उत्तर वडिलांनीच दिलं. कर्ज काढून मुलांवर लादलेली ही शाखा पुढे किती घरांना जड जाते, ते मी बघतो आहे.

आता दुसरं काम सांगतो. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाच्या गच्चीवर ऑपरेशन थिएटरला हवा पुरवणारं यंत्र आहे. त्याचा डँपर, म्हणजे हवेची झडप, सारखी उघडझाप करत होती. दाब जरा घटला की कंट्रोलर झडप जास्तच उघडायचा, दाब चढला की जास्तच मिटायचा. तंत्रज्ञ याला 'हंटिंग' म्हणतात. यात वीज वाया जाते, झडपेची मोटार झिजते आणि थिएटरमधला दाब पडला तर बाहेरची अस्वच्छ हवा आत शिरते. आयटीआय झालेल्या एका पोराने लॅपटॉप जोडला, कंट्रोलरचा गेन, म्हणजे प्रतिसादाची तीव्रता, कमी केला आणि अर्धा तास आलेखावरून नजर हलवली नाही. झडप स्थिरावली.

अशा यंत्रातल्या पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारं उपकरण, लावून वेग 20 टक्क्यांनी उतरवला, तर वीज जवळपास निम्मीच लागते. हे गणित जाणणारा माणूस इचलकरंजीच्या सूतगिरणीलाही लागतो, कारण तिथे पंख्यांनी खेळवलेल्या हवेतला ओलावा घटला की धागा तुटतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत धूळ ओढणारे ब्लोअर आहेतच.

या कामाकडे जाणाऱ्या वाटा सरळ आहेत. आयटीआयचा रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड, नाहीतर इन्स्ट्रुमेंटेशन, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा-डिग्री. डिप्लोमा-डिग्रीनंतर अनुभव गाठीशी आला की ऊर्जा लेखापरीक्षकाची राष्ट्रीय परीक्षा देता येते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, गच्चीवर उन्हात उभं राहावं लागतं. हेही मुलांपासून लपवू नका.

पालकांनो, ऑप्शन फॉर्म भरण्याआधी मुलांना एखाद्या कारखान्याच्या ब्लोअर रूममध्ये अर्धा दिवस उभं करा. घरी आल्यावर आवडलं का विचारा, आणि या वेळी उत्तर त्यांना देऊ द्या.