अवघड जागेचे दुखणे आणि सहा तासांची मुदत

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. परंतु अशा दुखण्यांपैकी एक दुखणे असे आहे की, संकोचात घालविलेली एक रात्र मुलाचा एक अवयव कायमचा हिरावून नेऊ शकते. वृषणाला पीळ पडणे हे ते दुखणे होय.

वृषणकोशात प्रत्येक वृषण एका रज्जूने लोंबत असते आणि त्याच रज्जूतून त्याच्या रक्तवाहिन्या जातात. काही मुलांमध्ये वृषण आतील आवरणाला जन्मतःच नीट जखडलेले नसते. ते घंटेच्या लोलकाप्रमाणे मोकळे हलते. असे वृषण स्वतःभोवती फिरले की, पोहऱ्याच्या दोराला पीळ पडावा तसा रज्जूला पीळ पडतो व रक्तपुरवठा बंद होतो. हा प्रकार विशेषतः बारा ते अठरा वर्षे वयात आढळतो. कधी नवजात बालकांतही होतो. त्यासाठी मार लागावाच लागतो असे नाही. पुष्कळदा मुलगा झोपेतून कळवळून उठतो. एका बाजूस एकाएकी तीव्र वेदना, मळमळ, उलटी, थोड्याच वेळात सूज आणि दुखरे वृषण वर ओढल्यासारखे दिसणे, ही त्याची लक्षणे.

शस्त्रक्रिया करून पीळ सहा तासांच्या आत सोडविल्यास दहापैकी नऊ वृषणे वाचतात. बारा तासांनी हे प्रमाण निम्म्यावर येते आणि एक दिवस उलटल्यावर क्वचितच यश मिळते. घड्याळ मुलगा दवाखान्यात पोहोचल्यापासून नव्हे, तर वेदना सुरू झाल्यापासून चालू होते.

हा हिशेब सिल्लोड तालुक्याला लावून पाहावा. समजा, घाटनांद्रा किंवा शिवना परिसरातील एखादा मुलगा रात्री दोन वाजता दुखण्याने जागा झाला. वडिलांना सांगायला लाज वाटते, म्हणून तो पोट धरून सकाळपर्यंत पडून राहिला, तर चार तास तेथेच संपले. मग गरम विटेचा शेक, तेलाची मालिश, दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी. सिल्लोडच्या उपजिल्हा रुग्णालयात तो दहा वाजता पोहोचला आणि पुढे पाठवावे लागले, तर फुलंब्रीमार्गे छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय सुमारे पासष्ट किलोमीटर. रस्ता आपण आज कमी करू शकत नाही. पहाटेचे चार तास मात्र निश्चित वाचविता येतात, आणि या लेखाचा सारा रोख त्या चार तासांवर आहे.

मुलगा बहुधा ‘पोट दुखते’ एवढेच सांगतो, आणि ते खोटेही नसते, कारण या वेदना ओटीपोटात जाणवतात. म्हणून आश्रमशाळा व वसतिगृहांचे अधीक्षक, तसेच शिक्षक यांनी ओटीपोटाच्या दुखण्याबरोबर उलटी होत असेल तर मुलाला बाजूला घेऊन सरळ विचारावे: खाली दुखते का, सूज आहे का? गावातील आशा कार्यकर्तीला मुले हे सांगणार नाहीत. ते काम आरोग्यसेवकाचे किंवा पुरुष शिक्षकाचे आहे. उत्तर होकारार्थी आले की १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ती येण्यास उशीर होणार असेल तर गावातील मिळेल त्या वाहनाने निघावे. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागण्याचा संभव असल्याने मुलाला खाण्यापिण्यास काही देऊ नये. दुखणे कोणत्या वेळी सुरू झाले, हे डॉक्टरांना न विसरता सांगावे. लक्षणे स्पष्ट असतील तर सोनोग्राफीच्या रांगेत वेळ घालविणे योग्य नव्हे. वेदना आपोआप थांबल्या, तरीही तपासणी टाळू नये. पीळ सुटला असेल तर तो पुन्हा पडू शकतो. आणि बऱ्याच तासांनी वेदना मंदावणे हे वृषण निकामी झाल्याचेही लक्षण असू शकते.

इतर सुजा

प्रत्येक सूज ही पिळाची नसते. सुश्रुतसंहितेत वृद्धी या रोगाचे सात प्रकार सांगितले असून पाणी साचलेली आणि आतडे उतरलेली अशा दोहोंत भेद केला आहे. लोकभाषेत मात्र आजही दोन्हींना ‘अंड उतरले’ असेच म्हणतात. आतडे उतरण्याचा विकार म्हणजे अंतर्गळ किंवा हर्निया. खोकताना वा ओझे उचलताना सूज वाढते, आडवे झाल्यावर ती आत जाते. ती आत जाईनाशी झाली, दुखू लागली आणि उलट्या सुरू झाल्या, तर हीदेखील तातडीचीच बाब समजावी. पाणी साचल्याची सूज, म्हणजे हायड्रोसील, सहसा दुखत नाही. तान्ह्या मुलांत ती बहुधा वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरते. प्रौढांत सुईने पाणी काढले तरी ते पुन्हा भरते. खात्रीचा उपाय शस्त्रक्रियेचाच. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या विदर्भातील जिल्ह्यांत हायड्रोसीलमागे डासांमुळे पसरणारा हत्तीरोग असू शकतो. तेथे शासनाकडून मिळणाऱ्या हत्तीरोगाच्या गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यासमोरच गिळाव्यात.

सूज दोन-चार दिवसांत हळूहळू आली, लघवीला जळजळ व ताप असेल, तर जंतुसंसर्गाचा संभव अधिक. त्यावर प्रतिजैविकांचा पूर्ण क्रम घ्यावा लागतो. गालगुंडानंतर आठवडाभरात वयात आलेल्या मुलांचे वृषण सुजू शकते. त्यामुळे हमखास वंध्यत्व येते ही समजूत चुकीची आहे. तसे क्वचितच घडते. याउलट, न दुखणारी कठीण गाठ दुर्लक्षून चालणार नाही. तरुण वयातील वृषणाचा कर्करोग अशाच गाठीने सुरू होतो आणि वेळीच उपचार झाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

पिळाच्या शस्त्रक्रियेत दुसऱ्या बाजूचे वृषणही टाके घालून जखडून ठेवतात, कारण तोच दोष तिकडेही असू शकतो. एक वृषण काढावे लागले तरी दुसरे निरोगी असल्यास पुरुषत्व व अपत्यप्राप्ती यांस सहसा बाधा येत नाही. ही गोष्ट मुलाच्या आईवडिलांनी घरी परतण्यापूर्वीच डॉक्टरांकडून नीट समजावून घ्यावी आणि मुलालाही त्या वेळी जवळ बसवावे. पुढे सोयरीक जुळविताना गावात हा विषय निघतोच.