बीपी, शुगर, स्टेंट आणि भारतवारी: ब्रिटनमधून प्रवासविमा घेताना

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्या भारतवारीच्या वेळी तिकिटाच्या दराचा अंदाज असतो, विम्याच्या दराचा नसतो. फॉर्ममध्ये ‘मधुमेह’ लिहिलं की रक्कम वाढते, ‘स्टेंट’ लिहिलं की ती कितीतरी पट होते. मग ती ओळ गाळून पुढे जावं असा मोह होतो. हॅरो, स्लाऊ, मिल्टन कीन्स, लेस्टर, बर्मिंगहॅम इथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या घरांशी बोलून हे मार्गदर्शन तयार केलं आहे, आणि त्या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: आजार लपवून पैसे वाचत नाहीत. पैसे वाचवायचे मार्ग वेगळे आहेत.

आधी हप्ता कसा ठरतो ते समजून घ्या. कंपनी नुसतं आजाराचं नाव विचारून थांबत नाही. गोळ्या किती, गेल्या काही महिन्यांत डोस बदलला का, गेल्या वर्षा-दोन वर्षांत रुग्णालयात दाखल झाला होतात का, धूम्रपान आहे का, एखादी तपासणी बाकी आहे का, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि प्रत्येक उत्तराचं वजन हप्त्यात पडतं. म्हणून मधुमेह असलेल्या एकाच घरातल्या दोन भावांना वेगवेगळा दर मिळतो. शिवाय वय मोजलं जातं. स्त्री-पुरुष असा भेद करून हप्ता ठरवायला डिसेंबर 2012 पासून मनाई आहे, वयानुसार ठरवायला मात्र मुभा आहे. या सगळ्यावर 20 टक्के विमाकर असतो. तो दाखवलेल्या रकमेत धरलेला असतो, त्यामुळे मूळ हप्ता वाढला की करही वाढतो.

सगळ्यात अवघड अवस्था म्हणजे ‘ईसीजी झाला, इको बाकी आहे’. निदान झालेल्या आजाराला कंपन्या किंमत लावू शकतात. निदानच न झालेल्या त्रासाला बहुतेक जणी संरक्षणातून वगळतात किंवा विमाच नाकारतात. प्रवास पुढे ढकलण्यासारखा असेल तर आधी रिपोर्ट येऊ द्या. डोस नुकताच बदलला असेल आणि घाई नसेल, तर काही महिने तब्येत स्थिर राहिल्यावर पुन्हा दर काढा.

आता लपवण्याबद्दल. ग्राहकाने विमा कंपनीच्या प्रश्नांना वाजवी काळजी घेऊन उत्तर द्यावं, असं इथला 2012 चा ग्राहक विमा कायदा सांगतो. निष्काळजीपणे चुकीचं उत्तर दिलं आणि खरं सांगितलं असतं तर हप्ता दुप्पट झाला असता, तर क्लेमची निम्मीच रक्कम देण्याचा अधिकार कंपनीला आहे. जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं सिद्ध झालं तर काहीच मिळत नाही. ‘त्यांना कसं कळणार’ हा प्रश्न नवागत हमखास विचारतात. मोठा क्लेम आला की कंपनी तुमच्या जीपीकडून नोंदी मागवते, त्यातून कळतं. म्हणून फॉर्म भरताना एनएचएसच्या अ‍ॅपवर स्वतःची नोंद उघडी ठेवा. तुमच्या ध्यानातही नसलेली एखादी जुनी तपासणी तिथे लिहिलेली सापडेल. उलट बाजूही आहे. पुण्याच्या फॅमिली डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आपण बॅगेतून आणतो, आणि त्यांची इथल्या जीपीला कल्पना नसते. विचारल्यावर त्याही सांगायच्या. वर्षभराची पॉलिसी असेल तर मध्यंतरी तब्येतीत बदल झाला तरी कळवायचं असतं. बँक खात्याबरोबर आलेल्या विम्यातसुद्धा आजार आपणहून फोन करून नोंदवावा लागतो. खातं आहे म्हणून आपोआप सगळं धरलं जातं असं समजू नका.

पहिल्याच कंपनीचा आकडा पाहून हताश होऊ नका. एप्रिल 2021 पासून वित्तीय नियामकाचा नियम आहे की आजारामुळे विमा नाकारला, आजार वगळला किंवा त्यापायी हप्ता ठराविक रकमेपेक्षा जास्त वाढवला, तर कंपनीने ग्राहकाला खास अशा आजारांसाठी विमा देणाऱ्यांच्या यादीकडे पाठवायचं. नियम आला तेव्हा ही वाढ 100 पौंडांची धरली होती. अशी यादी सरकारी पाठबळ असलेल्या ‘मनीहेल्पर’ या सेवेकडे विनामूल्य मिळते. हृदयविकार, कर्करोग, डायलिसिस अशा रुग्णांना विमा देणारे तिथे सापडतात. तुलना करणाऱ्या मोठ्या संकेतस्थळांवरच्या दरांपेक्षा इथला दर बऱ्याचदा रास्त निघतो, असा आमच्यातल्या ज्येष्ठांचा अनुभव आहे.

भारतवारीचे खाचखळगे निराळे आहेत. आपण इतक्या लांब जातो ते दोन आठवड्यांसाठी नाही. गणपती ते दिवाळी असा बेत असतो. वर्षभराच्या पुष्कळ पॉलिसींमध्ये एका प्रवासाची मर्यादा 31 दिवसांची असते, आणि बत्तिसाव्या दिवशी छातीत दुखलं तर विमा नसतो. लांब मुक्कामासाठी एकाच प्रवासाची पॉलिसी घ्या किंवा मर्यादा वाढवून घ्या. पुष्कळ कंपन्या ‘अमेरिका-कॅनडा सोडून जग’ असा वेगळा गट ठेवतात आणि भारत त्यात बसतो. ‘सर्व जग’ निवडून फुकट पैसे देऊ नका. ब्रिटनचं मोफत जीएचआयसी कार्ड युरोपात उपयोगी आहे, भारतात त्याला काही अर्थ नाही.

अगदी नवीन आलेल्यांसाठी एक अट महत्त्वाची: गेल्या बारा महिन्यांपैकी किमान सहा महिने इथे वास्तव्य आणि जीपीकडे नोंदणी असावी, असं अनेक कंपन्या मागतात. प्रवास ब्रिटनमधून सुरू होऊन ब्रिटनमध्येच संपायला हवा, ही अटही नेहमीची. मुंबईत उतरल्यावर विमा घेऊ म्हणाल तर पर्याय फार थोडे उरतात.

आणखी एक कलम वाचून बहुतेकांचे डोळे उघडतात. सांगलीत आईची तब्येत एकाएकी बिघडली म्हणून प्रवास रद्द करावा किंवा मध्येच परतावं लागलं, तर विमा मिळेल असं आपण धरून चालतो. पण प्रवास न करणाऱ्या जवळच्या नातेवाइकाचा आजार विमा घेताना ठाऊक होता, तर त्यातून उद्भवलेला क्लेम पुष्कळ पॉलिसी फेटाळतात. आई-वडिलांना जुनं दुखणं असेल तर विकत घेण्याआधी फोनवर स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी मागा.

भारतात दाखल व्हायची वेळ आली तर शक्य असेल तिथे आधी कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकावर फोन करा. खासगी रुग्णालयं अनामत रक्कम मागतात. हमी कंपनीने दिली तर ती खिशातून जात नाही. डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल आणि औषधांच्या पावत्या जपून ठेवा. हा क्रमांक घरातल्या भावाकडे, मेहुण्याकडेही देऊन ठेवा, कारण त्या क्षणी फोन तेच करणार.

आई-बाबा इकडे येणार असतील तर त्यांचा विमा भारतातून निघण्याआधी व्हायला हवा. इंग्लंडमध्ये ए अँड ई विभागातले उपचार सर्वांना मोफत आहेत, पण रुग्ण दाखल झाला की पाहुण्याला एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल येतं. 500 पौंड वा अधिक रक्कम दोन महिने थकली तर गृहखात्याला कळवलं जातं आणि पुढचा व्हिसा अडू शकतो. भारतातल्या बऱ्याच पॉलिसी जुन्या आजाराला फक्त जीवावर बेतलेल्या प्रसंगापुरतं आणि मर्यादित रकमेचं संरक्षण देतात. ती मर्यादा किती हे एजंटला विचारायला संकोचू नका. आल्यावर सगळे मिळून पॅरिसला जाणार असाल तर शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा विमा लागतो. वकिलातीचं समाधान करणारी स्वस्त पॉलिसी बाबांच्या बायपासला धरतेच असं नाही.

विमा तिकीट काढल्या दिवशीच घ्या, म्हणजे प्रवास रद्द करण्याचं संरक्षण तेव्हापासून मिळतं. वर्षभराच्या पॉलिसीची तारीखही त्याच दिवसाची टाका. आणि सगळं खरं सांगूनही क्लेम नाकारला, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत अंतिम उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर ‘फायनॅन्शियल ओम्बड्समन सर्व्हिस’कडे जाता येतं, अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. तिथे वकील लागत नाही, आणि ग्राहकाला शुल्कही नाही.